हर्बेरियमच्या शीट संगणकावर आणताना: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आमच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, शीटचे फोटो आणि लेबलांवरची माहिती संगणकावर आणायची आहे. शीट म्हणजे वाळवलेलं झाड आणि त्याचं लेबल चिकटवलेला कागद. सुरुवात कोणत्या कपाटापासून करायची, हे आज ठरलं. कुलांच्या क्रमाने पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत जाणं हिशेबाला सोपं होतं. तरीही आधी टाइप नमुने, मग अगदी मर्यादित टापूत वाढणाऱ्या जाती आणि त्यानंतर बाकीचं सगळं, असा क्रम घेतला. टाइप नमुना म्हणजे एखाद्या जातीचं शास्त्रीय नाव ज्या शीटला कायमचं बांधलेलं असतं, ती शीट. नावाबद्दल वाद निघाला की शेवटी तिच्यापाशीच जावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती संशोधकापासून हजारो मैल दूर असते. तिचं चांगलं छायाचित्र उपलब्ध झालं, तर कित्येकांचा प्रवास आणि टपालात शीट मोडण्याचा धोका टळतो.

बैठकीत विचारणा झाली की आपला संग्रह लहान, मग एवढा खटाटोप कशासाठी? जगात तीन हजारांवर हर्बेरियम आहेत आणि त्यांत मिळून सुमारे ४० कोटी नमुने आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने इमारतीचं नूतनीकरण चालू असताना सरकत्या पट्ट्यावर ५० लाखांहून अधिक शीटची छायाचित्रं काढून घेतली. अशा संस्थांपुढे आमचा आकडा काहीच नाही. पण मोठ्या संग्रहांत जगभरातलं थोडं थोडं असतं, आणि लहान संग्रहात एकाच टापूतलं बारकाईने गोळा केलेलं. संवर्धनाचा निर्णय घेणाऱ्याला दुसऱ्या प्रकारची माहिती जास्त लागते आणि नेमकी तीच कपाटात बंद असते.

१२ जून

हाताळणीचे नियम भिंतीवर लावले. जुन्या शीटना किडीपासून वाचवायला मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत होती. तो पारा कागदात आजही आहे. म्हणून हातमोजे घालायचे, खोली हवेशीर ठेवायची आणि टेबलावर खाणंपिणं आणायचं नाही. मोजे नायट्राइलचे, कापडी मोज्यांत पानांची टोकं अडकतात आणि तुटतात.

बाहेरून येणारा प्रत्येक गठ्ठा आधी डीप फ्रीझरमध्ये जाईल, उणे २० अंशांना किमान आठवडाभर, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. तंबाखूवरचा भुंगेरा आणि त्याचा भाऊबंद औषधी भुंगेरा हे दोघे हर्बेरियमचे जुने शत्रू. फुलं आणि बिया ते आधी संपवतात, म्हणजे ओळख पटवायला लागणारा भागच पहिला जातो. बाहेर काढल्यावर गुंडाळी लगेच सोडायची नाही. खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली तर कागदावर दव धरतं.

१८ जून

छायाचित्रणाचा कट्टा चालू झाला. कॅमेरा वरून सरळ खाली रोखलेला, दोन बाजूंनी दिवे, आणि शीटच्या कडेला रंगपट्टी व सेंटिमीटरची पट्टी. या दोन पट्ट्यांशिवाय एकही फोटो घ्यायचा नाही. रंगपट्टी नसली तर वाळलेल्या पाकळीचा तपकिरी रंग खरा की दिव्याचा, हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. मोजपट्टी नसली तर पानाची लांबी फोटोवरून मोजता येणार नाही.

साधारण २८ × ४२ सेंटिमीटरची शीट ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) घेतली की न दाबलेली टिफ फाइल जवळपास २०० एमबी होते. ३०० डीपीआयला ती ५० एमबीच्या आत बसते. जागेचा विचार करून ३०० वर यावं, असा आग्रह होता. मी ६०० वर अडून राहिलो. गवताच्या कणिसकातले तुसांचे केस किंवा पानामागची लव ३०० ला पुसट दिसते, आणि गवतांत जात वेगळी ठरते ती अशाच खुणांवरून. टाइप नमुने आणि दुर्मीळ जाती ६०० ला, बाकीच्या ४०० ला, यावर एकमत झालं.

बारकोड आधी, फोटो नंतर. फाइलचं नाव म्हणजे बारकोडचा क्रमांक; त्यात जातीचं नाव घालायचं नाही, कारण नावं बदलतात. बारकोड झाडावर, लेबलवर किंवा जुन्या शेऱ्यांवर चिकटवायचा नाही. जागाच नसली तर शीटच्या खालच्या कडेला.

२० जून

शीटवर चिकटवलेली कागदी पाकिटं उघडायची का? त्यांत गळलेल्या पाकळ्या, बिया, तुटके पुंकेसर जपून ठेवलेले असतात. टाइप नमुन्यांची उघडू, आतल्या तुकड्यांचा वेगळा फोटो घेऊ. इतरांची नाही. वेळेचं गणित तसंच आहे.

२५ जून

आज वरून प्रश्न आला: फोटो निघाले की मूळ शीट ठेवायची गरज काय, कपाटांची जागा मोकळी होईल. त्यावर लेखी उत्तर दिलं. त्यातला गाभा इथे नोंदवून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

फोटोचं महत्त्व बर्लिनइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे जे. फ्रान्सिस मॅकब्राइड १९२९ पासून युरोपातल्या हर्बेरियममध्ये फिरून दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींच्या टाइप नमुन्यांचे फोटो घेत होते. मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं आणि संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. त्यातल्या कितीतरी टाइप नमुन्यांचं आज जगात उरलेलं एकमेव रूप म्हणजे मॅकब्राइड यांच्या निगेटिव्ह. म्हणून फोटो हवेतच, आणि लवकर हवेत.

पण त्या निगेटिव्हमधून डीएनए काढता येत नाही, परागकण सूक्ष्मदर्शकाखाली घेता येत नाहीत. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी हर्बेरियममधल्या जुन्या पानांवरची पर्णरंध्रं (पानांची सूक्ष्म छिद्रं) मोजली आणि दाखवून दिलं की गेल्या दोनशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी त्यांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटली. ज्यांनी ती पानं तोडून वाळवली त्यांच्या डोक्यात हा प्रश्न नव्हता. उद्या कोणता प्रश्न विचारला जाईल हे आज आपल्यालाही माहीत नाही, आणि त्याचं उत्तर फक्त मूळ पानात असू शकेल. दोन्ही ठेवायचं: शीट कपाटात, फोटोच्या दोन प्रती वेगवेगळ्या इमारतींत. आज दुपारी उत्तर पाठवलं.

३ जुलै

लेबल उतरवून घ्यायला सुरुवात. फोटोचं काम शिकवता येतं, सरावाने वेग येतो. खरा वेळ इथे जातो, आणि संवर्धनाला जे लागतं तेही सगळं इथेच आहे: काय, कुठे, केव्हा, कुणी.

आज एका शीटवर बराच वेळ गेला. पातळ, कडेला पिवळा पडलेला कागद, त्यावर जमिनीवर वाढणारी एक छोटी आमरी (ऑर्किड), कंद आणि मुळांसकट दाबलेली. फुलांचा रंग पार उडालेला. पण लेबलवर संकलकाने शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘फुले पांढरी, घशात जांभळे ठिपके, वास नाही, ओलसर खडकावर, सावलीत.’ वाळल्यावर जे जे नाहीसं होणार होतं, ते सगळं त्या माणसाने शब्दांत पकडलं. तारीख ३.८.९६ अशी असती तर ३ ऑगस्ट की ८ मार्च, हा घोळ झाला असता. इथे महिना रोमन आकड्यात आहे, त्यामुळे ऑगस्ट पक्का. शतक मात्र लिहिलेलं नाही. कागद, शाई आणि छापील मथळा यांवरून १८९६ दिसतं. ते ‘अनुमानित’ अशा खुणेसह वेगळ्या रकान्यात घातलं.

नियम असा ठरला की लेबलवर जसं आहे तसंच एका रकान्यात, स्पेलिंगच्या चुकांसकट. आपण लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात. दोन्ही एकत्र केले की पुढच्या माणसाला संकलक काय म्हणाला आणि आपण काय समजलो, हे कधीच वेगळं करता येणार नाही. जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या डार्विन कोअर मानकात शब्दशः ठिकाण आणि लावलेलं ठिकाण यांना वेगळे रकाने आहेत ते याचसाठी.

संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रयोग छापील लेबलांवर चांगला चालतोय. हस्ताक्षरावर तो संकलकाचं नाव आणि आकडे बरे उचलतो, गावांची नावं मात्र आत्मविश्वासाने चुकीची लिहितो. म्हणून ठिकाणाचा प्रत्येक शब्द माणसाने तपासायचाच.

१० जुलै

तारीख नसलेल्या शीटसाठी एक जुनी युक्ती कामाला आली. चांगले संकलक आयुष्यभर एकच चढता क्रमांक चालवतात. बिनतारखेच्या शीटवरचा क्रमांक घेऊन त्याच माणसाचे आधीचे आणि नंतरचे क्रमांक शोधले. दोन्हींवर एकाच आठवड्यातल्या तारखा आणि एकाच दरीचं नाव. मधली शीट तिथलीच.

याच क्रमांकामुळे जोड नमुनेही सापडतात. एकाच झाडाच्या फांद्या चार शीटवर लावून चार संग्रहांना पाठवायची पद्धत सगळीकडे आहे. आमच्या शीटवर लेबलचा कोपरा फाटलेला. तिचाच जोड नमुना दुसऱ्या देशातल्या संग्रहाने आधीच ऑनलाइन ठेवलेला, आणि त्यावर ठिकाण पूर्ण शाबूत. त्यांची माहिती घेतली, कुठून घेतली तेही लिहिलं.

२१ जुलै

आता ठिकाणांना अक्षांश-रेखांश देण्याचं काम. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढली. त्यानंतरच्या लेबलांवर सहसा आकडे असतात. त्याआधीच्या बहुतेक शीटवर फक्त शब्द आहेत, आणि आमचा निम्म्याहून जास्त संग्रह त्याआधीचा.

‘गावाच्या उत्तरेला १० किलोमीटर.’ वाचायला अगदी स्पष्ट. नकाशावर बोट ठेवायला गेलं की प्रश्न सुरू होतात. गावाच्या मध्यापासून की वेशीपासून? रस्त्याने की सरळ रेषेत? उत्तर म्हणजे नेमकी उत्तर, की ईशान्येपासून वायव्येपर्यंत काहीही? ज्याने फक्त चार दिशा वापरल्यात त्याची ‘उत्तर’ दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत सरकू शकते. दहा किलोमीटरवर याचा अर्थ बिंदू साडेसात किलोमीटरहून अधिक इकडेतिकडे. ज्याने ‘ईशान्य’ लिहिलं तो आठ दिशांच्या हिशेबाने बोलतोय. त्याची चूक जवळजवळ निम्मी, चार किलोमीटरच्या आत.

म्हणून बिंदू आणि त्रिज्या अशी पद्धत घेतली. प्रत्येक ठिकाणाला एक मध्यबिंदू द्यायचा आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ, ज्याच्या आत ते झाड नक्की मिळालं असणार. वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये लिहायची. गावाचा पसारा, अंतराचा कच्चेपणा, दिशेचा कच्चेपणा, जुन्या नकाशाचा आधारबिंदू (ज्यावरून त्याचे अक्षांश-रेखांश मोजले तो), सगळं त्यात धरायचं. जुन्या सर्वेक्षणांचे आधारबिंदू आज जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा वेगळे असल्याने नुसत्या त्यानेच काही शे मीटरचा फरक पडतो.

उंची दिलेली असेल तर वर्तुळ लहान होतं. एका लेबलवर नुसतं ‘३५००’ होतं, एकक नाही. त्या डोंगराचा माथाच ११०० मीटरच्या आसपास, म्हणजे ते फूट, सुमारे १०६७ मीटर. माथ्याजवळचा अरुंद पट्टा उरला आणि वर्तुळाचा मोठा भाग गळून पडला. दुसऱ्या एका शीटवरचं गाव आजच्या नकाशावर सापडेना. धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि त्याच नावाने वीस किलोमीटर दूर पुन्हा वसलं. आजच्या नकाशावर विश्वास ठेवला असता तर नदीकाठचं झाड माळावर गेलं असतं. धरणाआधीचा नकाशा हाताशी ठेवल्याशिवाय नदीखोऱ्यातली शीट घ्यायची नाही, असं आज सगळ्यांना सांगितलं.

नवीन आलेल्या मुलीने विचारलं, “मॅडम, एवढं मोठं वर्तुळ देण्यापेक्षा गावाचा मध्य लिहून टाकला तर? नकाशा तरी नीटनेटका दिसेल.” वर्गीकरणाच्या मॅडमनी तिला शेजारी बसवून गावाच्या मध्यावरचा उपग्रह नकाशा दाखवला. बाजारपेठ. “ही आमरी इथे वाढते असं पुढची पन्नास वर्षं सगळे वाचतील. चालेल तुला?” आठ किलोमीटरची त्रिज्या खरी असेल तर आठच लिहायची, यावर त्यानंतर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

२९ जुलै

नावांची तपासणी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की उष्ण कटिबंधातल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर चुकीचं नाव असण्याची शक्यता आहे. मॅडमना त्यात नवल वाटलं नाही. जुनी ओळख चिठ्ठी काढायची नाही, नवी तिला न झाकता तिच्या वरच्या बाजूला चिकटवायची, तारीख आणि नावासह. एका शीटवर अशा पाच चिठ्ठ्या आहेत, आणि पाचही फोटोत वाचता आल्या पाहिजेत. एकीने दुसरीला झाकलं असेल तर उचलून आणखी एक फोटो.

काही नमुने कुठल्याच ज्ञात जातीत बसत नाहीत; ते बाजूला काढले. २०१० च्या एका पाहणीप्रमाणे, गोळा केल्यापासून पाच वर्षांत नवी जात म्हणून वर्णन झालेल्यांचं प्रमाण फक्त १६ टक्के आहे, आणि जवळपास पाव जातींना पन्नास वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. कपाटातली ‘अनोळखी’ फाइल म्हणूनच मी कधी शेवटी ठेवू देत नाही.

६ ऑगस्ट

पहिल्या गटातल्या जातींचे नकाशे काढले. कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ब निकषात दोन क्षेत्रफळं लागतात. एक, सगळे बिंदू सामावणाऱ्या सर्वांत लहान बहिर्वक्र (कुठेही आत न वळणाऱ्या) बहुभुजाकृतीचं. ते १०० चौरस किलोमीटरच्या खाली गेलं तर जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरू शकते, ५,००० च्या खाली ‘संकटग्रस्त’, २०,००० च्या खाली ‘असुरक्षित’. दुसरं, दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटींपैकी जात खरोखर जिथे आहे त्यांचं. त्याच्या मर्यादा १०, ५०० आणि २,०००. नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. ठिकाणांची मोजकी संख्या किंवा तुकडे पडलेला अधिवास, चालू असलेली घट, टोकाचे चढउतार, यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

आठ किलोमीटर त्रिज्येचा बिंदू दोन किलोमीटरच्या चौकटीत टाकताच येत नाही. म्हणून त्रिज्या मोठी असलेले बिंदू फक्त पहिल्या क्षेत्रफळासाठी घेतले, दुसऱ्यासाठी नाही. त्रिज्या लिहिलेली नसती, तर हा निवाडा करताच आला नसता.

एका जातीचा नकाशा विचित्र आला. सगळे बिंदू ६० किलोमीटर रुंदीच्या एका पट्ट्यात आणि एकच दोन अंश पूर्वेला. ती नोंद एका जुन्या यादीतून थेट आयात झालेली होती. रेखांशातला एक आकडा बदललेला. त्या एका बिंदूने बहुभुजाकृतीत सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर वाढवले. मूळ क्षेत्र दीड हजाराच्या घरातलं. म्हणजे संकटग्रस्त ठरू शकणारी जात एका आकड्यामुळे थेट ‘असुरक्षित’ वर्गात गेली असती, आणि तिच्यासाठी पैसे व माणसं मागणाऱ्याची बाजू तेवढीच कमकुवत झाली असती. फोटो उघडला, लेबल वाचलं, आकडा दुरुस्त झाला. फोटो जोडलेला नसता तर शंका घ्यायला आधारच नव्हता.

आता प्रत्येक नोंदीवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या लावल्यात: बिंदू समुद्रात आहे का, उंची आणि बिंदू जुळतात का, एकच संकलक एकाच दिवशी दोन दूरच्या ठिकाणी आहे का. चाचणी फक्त शंका दाखवते. दुरुस्ती शीट पाहूनच.

११ ऑगस्ट

कोणत्या जातींचं ठिकाण लपवायचं, यावर लांब चर्चा. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स ही आमरी १९९९ मध्ये जगापुढे आली आणि व्यापारासाठी ओरबाडली जाऊन थोड्याच वर्षांत जंगलातून जवळपास संपली. हे डोळ्यांसमोर ठेवून आमऱ्या, सायकस आणि कंदांसाठी उपटल्या जाणाऱ्या जातींचे आकडे दशांश एका स्थानापर्यंतच दाखवायचे ठरलं, म्हणजे साधारण अकरा किलोमीटरचा अंदाज. नोंदीत ‘ठिकाण मुद्दाम ढोबळ केले आहे’ असं स्पष्ट लिहायचं, नाहीतर कुणी त्याच आकड्यांवर क्षेत्रफळ काढेल. संवर्धनाचं काम करणाऱ्यांना अर्जावर पूर्ण आकडे.

आकडे लपवले तरी फोटोतलं लेबल वाचता येतं, हे चर्चेत शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. या जातींच्या सार्वजनिक फोटोत ठिकाणाची ओळ झाकायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

१९ ऑगस्ट

पहिला संच जीबीआयएफवर, म्हणजे जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक खुल्या संकेतस्थळावर, गेला. माहितीला सीसी-शून्य परवाना, म्हणजे कुणीही, कोणत्याही अटीशिवाय वापरावी. व्यापारी वापर नको, असा एक सूर होता. पण अशी अट घातली की काही संशोधन नियतकालिकं आणि शासकीय प्रकल्पसुद्धा माहिती वापरायला कचरतात. त्याऐवजी प्रत्येक शीटला कायमचा दुवा दिला, म्हणजे वापरणाऱ्याला श्रेय देणं सोपं जाईल.

२६ ऑगस्ट

क्षेत्रकाम करणाऱ्या गटाला पहिली यादी सोपवली. त्यांनी मागितलं होतं: जुन्या नोंदी असलेली, पण गेल्या चाळीस वर्षांत एकही नमुना नसलेली ठिकाणं. यादीत प्रत्येक जातीपुढे मध्यबिंदू, त्रिज्या, उंचीचा पट्टा, अधिवासाचं लेबलवरचं वर्णन आणि फुलांचे महिने दिले. महिने त्या त्या जातीच्या सगळ्या शीटवरच्या तारखांवरून काढले. फुलं नसताना ही झुडपं समोर असूनही ओळखू येत नाहीत.

३ जुलैच्या शीटवरची आमरी त्या यादीत आहे. ‘ओलसर खडक, सावली’ हे शब्द आणि उंची घेऊन गटाने उपग्रह चित्रावर उत्तराभिमुख कड्यांचे तीन पट्टे निवडलेत. ऑगस्ट संपत आलाय, म्हणून त्या पट्ट्यांवर आधी जायचं ठरलं. सापडली तर झाड उपटायचं नाही: फोटो, जीपीएस, झाडांची मोजणी आणि डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये पानाचा छोटा तुकडा. नाही सापडली तर कुठे, किती वेळ आणि कुणी शोधली, ते लिहून आणायचं. त्या नोंदीसाठी तक्त्यात वेगळा रकाना आजच जोडला.

कट्ट्यावर उद्यापासून गवतांची कपाटं. ६०० डीपीआयची यादी मॅडमनी दिली आहे.